दंतसेतू

एक किंवा लागोपाठचे काही दात गेल्यामुळे दंतपंक्तीत पडलेली खिंड भरून काढण्यासाठी, लगतच्या दातांचा आधार घेऊन पक्की बसविलेली कृत्रिम दातांची रचना म्हणजे दंतसेतू होय. पुलाच्या दोन्ही टोकांचे खांब जसे मधल्या मार्गाचा भार पेलतात, तसे खिंडीच्या दोन बाजूंचे दात मधल्या कृत्रिम दातावर पडणारा चावण्याचा दाब पेलतात. म्हणून हे नाव पडले. बाजूच्या दातांना आधारदात, त्यांच्यावर बसविण्यात येणाऱ्या आवरणाला टोपण (बोलीभाषेत ‘कॅप’) आणि मध्ये अधांतरी राहणाऱ्या कृत्रिम दाताला सेतुदात असे म्हणता येईल. कवळी रोज काढून धुवावी लागते व तिचा दाब मुख्यतः हिरडीवर पडतो. दंतसेतू रुग्णाला काढता येत नाही आणि त्याच्यावरील दाब आधारदातांच्या मुळांमार्फत जबड्याच्या हाडाकडे जातो. [⟶ कृत्रिम दात, दंतवैद्यक].

गेलेल्या दाताची जागा मोकळी राहिल्यास शेजारचे दात त्या बाजूस कलतात, समोरच्या जबड्यातील दात खिंडीत सरकू लागतो, फटींत अन्न अडकून किडीला व हिरडीच्या रोगांना वाव मिळतो. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास उगवणारी पहिली कायमची दाढ पुष्कळदा दुधाची समजून दुर्लक्षित राहते. त्यामुळे कायमच्या दातांपैकी हीच दाढ अनेकांच्या बाबतीत सर्वांत आधी गमावली जाते. खिंड भरण्याची गरज ही अशी केवळ शोभेची नाही. परंतु दंतसेतूत एक मूलभूत अडचण आहे. टोपणांना जागा करून देण्यासाठी आधारदात सर्व बाजूंनी कापावे लागतात, आणि ते पुष्कळदा पूर्णपणे निरोगी असतात. एका गेलेल्या दातासाठी दोन चांगले दात कापावेत काय, हा प्रश्न दंतसेतूच्या इतिहासाच्या मध्यभागी आहे. गेलेल्या दाताची भरपाई कोणी करावयाची, याचे उत्तर निरनिराळ्या काळांत निरनिराळे दिले गेले. त्या उत्तरांच्या क्रमानेच या रचनेची वाढ झालेली दिसते.

प्राचीन काळ : ईजिप्तमध्ये गीझा येथे सोन्याच्या तारेने एकमेकांस जोडलेल्या दोन दाढा सापडल्या आहेत. त्या जिवंत माणसाच्या तोंडात वापरल्या गेल्या की मृत्यूनंतर बांधल्या गेल्या, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. लेबाननमधील सायडन येथे एकोणिसाव्या शतकात मिळालेल्या फिनिशियन जबड्याचा पुरावा अधिक स्पष्ट आहे. त्यात दुसऱ्या व्यक्तीचे दोन दात सोन्याच्या तारेने शेजारच्या दातांना बांधलेले आहेत. इटलीतील इट्रुस्कन लोकांनी इ. स. पू. सातव्या शतकापासून तारेऐवजी सोन्याच्या पातळ पट्टीचा उपयोग केला. पट्टीची कडी शेजारच्या दातांभोवती बसवीत आणि मधल्या कड्यात दुसरा दात बारीक खिळ्याने पक्का करीत. असे नमुने मुख्यत्वे स्त्रियांच्या अवशेषांशी निगडित आहेत. यावरून चावण्यापेक्षा शोभा व प्रतिष्ठा हाच त्यांचा हेतू असावा, असे मानतात. इ. स. पू. सु. ४५० मधील रोमन द्वादश-पट्ट कायद्यात मृताबरोबर सोने पुरण्यास मनाई होती. मात्र दात बांधलेले सोने तिच्यातून वगळले होते. ही प्रथा कायद्याने दखल घेण्याइतकी रूढ होती, हे त्यावरून दिसते.

या सर्व रचनांत शेजारचे दात कापले जात नव्हते. ते केवळ बांधले जात. त्यामुळे त्यांना इजा कमी होई; परंतु बांधलेली रचना जोराने चावण्याचा दाब फार काळ सहन करू शकत नसे.

भारतीय परंपरा : दक्षाच्या यज्ञाच्या कथेत वीरभद्राने पूषन् या देवाचे दात पाडल्याचा उल्लेख येतो, आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अश्विनीकुमारांनी केलेल्या उपचारांत पूषन्‌च्या दातांवरील उपचाराची गणना केली आहे. ही पुराणकथा असली, तरी गेलेला दात वैद्याने परत द्यावा ही अपेक्षा किती जुनी आहे, ते तिच्यावरून कळते. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली असून त्यांपैकी पंधरा दंतमूलांचे व आठ दातांचे आहेत. वरच्या जबड्यातील दात हलत असला तरी तो उपटू नये, कारण अतिरक्तस्रावाने गंभीर उपद्रव होतात, असा इशाराही तीत आहे. या ग्रंथाचा भर दात राखण्यावर आणि दंतधावनासारख्या नित्याच्या निगेवर आहे.

सोन्याने दात बांधण्याची कला मध्ययुगीन भारतात ज्ञात होती, याचा एक पुरावा रणभूमीवरून मिळतो. ११९४ मध्ये चंदावर येथे मुहम्मद घोरीच्या सैन्याशी झालेल्या लढाईत गाहडवाल राजा जयचंद्र मारला गेला. त्याचे प्रेत दातांना बांधलेल्या सोन्यावरून ओळखले गेले, असे अरब इतिहासकार इब्न अल्-अथीर याने नमूद केले आहे. ते सोने मुळांशी कमकुवत झालेले दात आवळण्यासाठी होते, असे त्या नोंदीवरून दिसते. असा उपचार त्या काळी राजघराण्याच्या आवाक्यातला होता, एवढे मात्र तीवरून निश्चित होते.

दुसऱ्याचे दात : अठराव्या शतकात यूरोपात दंतवैद्यक हा स्वतंत्र व्यवसाय बनला. प्येअर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाताच्या शिल्लक मुळात खुंटी ठोकून तिच्यावर कृत्रिम दात बसविण्याची रीत वर्णिली. फिलिप फाफ या जर्मन दंतवैद्याने १७५६ मध्ये मेणाने तोंडातील साचा घेऊन त्यावरून प्लॅस्टरची प्रतिकृती करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रुग्णाला समोर न ठेवता त्याच्या मापाचे दात करणे तिच्यामुळे शक्य झाले आणि आजच्या दंतप्रयोगशाळेचा पाया घातला गेला.

बसविण्याचा दात कोठून आणावयाचा, ही या काळातील मोठी अडचण होती. हस्तिदंत व हाडे तोंडातील ओलीने कुजत व त्यांना दुर्गंधी येई. म्हणून माणसाच्या दातांना मागणी वाढली. लंडनमध्ये गरीब लोक, विशेषतः तरुण मुले-मुली, पैशासाठी आपले दात उपटून देत. ते लगेच धनिकांच्या जबड्यात रोवले जात. जॉन हंटर यासारख्या नामवंत शल्यविशारदाने या रोपणाचा पुरस्कार केल्यामुळे त्याला शास्त्राचे पाठबळ लाभले. असे दात फार काळ टिकत नसत आणि त्यांच्यामार्फत रोगांचा संसर्गही होई. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७८४ मधील हिशेबात कृष्णवर्णीय गुलामांकडून नऊ दात विकत घेतल्याची नोंद आढळते. १८१५ मधील वॉटर्लूच्या लढाईनंतर मृत सैनिकांचे दात मोठ्या प्रमाणात बाजारात आले व ‘वॉटर्लूचे दात’ हे नाव पुढे अशा सर्वच दातांना मिळाले. धनिकाच्या दाताची भरपाई या काळात गरिबाने, गुलामाने किंवा मृताने केली.

चिनी मातीच्या दातांनी हा व्यापार हळूहळू संपविला. आलेक्सी द्युशातो या फ्रेंच औषधविक्रेत्याने आपल्या हस्तिदंती कवळीच्या दुर्गंधीला कंटाळून असे दात करविण्याचा प्रयत्न केला. नीकॉला द्युब्वा द शेमां या दंतवैद्याने त्यांत सुधारणा केली आणि १७९१ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे एकस्व (पेटंट) मिळविले. १८०८ मध्ये जुझेप्पान्जेलो फोन्त्सी याने प्लॅटिनमची आकडी असलेले चिनी मातीचे सुटे दात तयार केले. सुटा, न कुजणारा व माणसाकडून न घेतलेला दात उपलब्ध झाल्यावर आधुनिक दंतसेतूची वाट मोकळी झाली.

शेजारचे दात : आज ज्याला दंतसेतू म्हणतात त्याचा विकास प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत झाला. जेम्स मॉरिसन याने १८७१ मध्ये पायाने चालविण्याचे दंतछिद्रक यंत्र तयार केल्यामुळे दात हव्या त्या आकारात कापणे सुकर झाले. त्याच सुमारास झिंक फॉस्फेट सिमेंट वापरात आले. १८८० च्या सुमारास कॅसिअस रिचमंड याच्या टोपणाचा बोलबाला झाला. त्याच्या पद्धतीत आधारदाताचा वरचा भाग कापून टाकीत, आतील मऊ गाभा काढून टाकीत आणि मुळात खुंटी बसवून तिच्यावर सोने व चिनी माती यांचे टोपण चढवीत. निरोगी दाताचा जीव घेऊन मगच त्याचा खांब करावयाचा, असा हा प्रकार होता. एका अमेरिकन कंपनीने टोपण व दंतसेतू यांची एकस्वे गोळा करून प्रत्येक दंतवैद्याकडून शुल्क मागण्यास सुरुवात केली. तिच्याविरुद्ध दंतवैद्यांनी १८८८ मध्ये शिकागो येथे संरक्षक संघटना स्थापून न्यायालयात लढा दिला.

सोन्याच्या चकचकीत दंतसेतूंचा प्रसार झपाट्याने झाला. त्यांच्या कडा हिरडीत रुतत, खाली अन्न साचे व मृत दातांच्या मुळांशी पू होई. पण वरून काहीच दिसत नसे. विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने १९१० मध्ये माँट्रिऑल येथील व्याख्यानात या कामांवर कठोर टीका केली. कुजलेल्या मुळांवर उभारलेल्या सोन्याच्या कबरी, असे त्याच्या टीकेचे स्वरूप होते. तोंडातील पुवामुळे सांधे, हृदय इत्यादींचे रोग होतात, या उपपत्तीला त्यामुळे जोर मिळाला. तिच्या अतिरेकी वापराने पुढील दोन-तीन दशकांत असंख्य लोकांचे चांगले दातही उपटले गेले. मात्र हंटरच्या टीकेमुळे दंतवैद्यकाला शिस्तही लागली. १८९५ मध्ये शोध लागलेल्या क्ष-किरणांनी मुळांची तपासणी करणे, टोपणाच्या कडा दाताशी नेमक्या जुळविणे आणि शक्य तेथे आधारदात जिवंत ठेवणे, हे नियम रूढ होत गेले.

नेमकेपणा साधण्यास विल्यम टॅगार्ट याने १९०७ मध्ये पुढे आणलेली ओतकामाची पद्धत साह्यभूत झाली. तीत टोपणाचा नमुना मेणात घडवून तो उष्णतारोधी लेपात बंद करतात, तापवून मेण काढून टाकतात आणि त्या पोकळीत वितळलेले सोने दाबाने भरतात. तत्त्वतः ही मूर्तिकारांची मधूच्छिष्ट पद्धतीच होय. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात धातूच्या मूर्तींसाठी तिचे वर्णन आले आहे. १९२६ मध्ये अँटी या दंतवैद्याने आधारदातांच्या मुळांचे एकूण क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांच्या क्षेत्रफळापेक्षा कमी असू नये, असा नियम मांडला. तो आज तंतोतंत पाळला जात नसला, तरी खांबांची कुवत पाहून सेतू बांधावा ही दृष्टी त्याने दिली.

१९५७ मध्ये जॉन बॉर्डन याने मिनिटास सु. ३,००,००० फेरे घेणारे हवेच्या दाबावर चालणारे छिद्रक प्रचारात आणले. १९६२ मध्ये धातूवर चिनी माती भाजून पक्की चिकटविण्याच्या मिश्रधातूंचे एकस्व घेतले गेले. खरा दात वाटावा असा मजबूत दंतसेतू त्यामुळे मिळू लागला. परंतु धातू व चिनी माती या दोन्ही थरांना जागा हवी असल्याने आधारदात पूर्वीपेक्षा अधिक कापावे लागू लागले आणि नव्या छिद्रकाने कापणे अगदी सोपे झाले. १९७० नंतर सोन्याचे भाव वाढल्यावर निकेल-क्रोमियमसारख्या स्वस्त मिश्रधातू रूढ झाल्या व मध्यमवर्गाला दंतसेतू परवडू लागला.

महाराष्ट्रातील प्रसार : भारतात दंतवैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास स्थापन केलेल्या महाविद्यालयापासून सुरू झाले. मुंबईत नायर रुग्णालय दंत महाविद्यालयाची सुरुवात १९३३ मध्ये झाली. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय उभे राहिले. विदर्भात नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ मध्ये निघाले. तोपर्यंत, आणि पुढेही पुष्कळ काळ, सामान्य लोकांचे दात बाजारपेठेत बसणारे दात काढणारे, वडिलार्जित व्यवसाय करणारे चिनी दंतकारागीर आणि गावोगाव फिरणारे लोक पाहत असत. १९४८ च्या दंतवैद्यक अधिनियमाने नोंदणी सक्तीची केली. पदवीधरांसाठी ‘अ’ आणि पदवी नसलेल्या पण पूर्वीपासून हा व्यवसाय करणाऱ्यांसाठी ‘ब’ असे नोंदवहीचे दोन भाग ठेवण्यात आले. या अधिनियमाची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत झाला.

अशिक्षित कारागिरांनी बसविलेल्या ‘फिक्स’ दातांचा प्रश्न मात्र कायद्याने पूर्णपणे सुटला नाही. यात शेजारचे दात न कापता, तोंडातच घट्ट होणारे ॲक्रिलिक रेझीन व तार यांनी नवा दात शेजारच्या दातांना चिकटवितात. काम एका बैठकीत व थोड्या पैशात होते, म्हणून ते लोकप्रिय आहे. वरकरणी हे इट्रुस्कन पट्टीसारखे वाटते. पण रेझीन हिरडीवर पसरल्यामुळे तेथे स्वच्छता राखता येत नाही. हिरडी सुजते, हाड झिजते आणि काही वर्षांत बांधलेले दातही हलू लागतात.

कोकण किनाऱ्यावरील दिघी हे या प्रश्नाचे स्वरूप समजण्यास उपयुक्त उदाहरण आहे. रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा) श्रीवर्धन तालुक्यात, राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर वसलेले हे बंदर १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते. श्रीवर्धनच्या वाड्यांतील रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. सुपारी सतत चघळल्याने दातांचे माथे झिजतात व दाढांना तडे जातात. कोकणात, महाराष्ट्राच्या इतर भागांप्रमाणेच, तंबाखू तव्यावर भाजून केलेली मिश्री दातांना लावण्याची सवय विशेषतः स्त्रियांत आढळते. तिने दात स्वच्छ होतात ही समजूत चुकीची आहे. हिरड्या खाली सरकून दातांची मुळे उघडी पडतात, व्यसन जडते आणि मुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अशा तोंडात एक दात जातो, तेव्हा शेजारचे आधारदातही पुष्कळदा कमकुवत झालेले असतात.

दुसरी अडचण खेपांची आहे. दात उपटण्यास एक खेप पुरते. दंतसेतूसाठी तपासणी व क्ष-किरण चित्र, दात कापून साचा घेणे, सांगाडा तोंडात बसवून पाहणे आणि अखेरीस सिमेंटने पक्का करणे अशा किमान तीन-चार खेपा लागतात. मध्यंतरी काम प्रयोगशाळेत जाते. एके काळी या किनाऱ्याचा मुंबईशी संबंध मुख्यतः आगबोटीने होता व पावसाळ्यात तो खंडित होई. दिघीहून उत्तरेकडे जाण्यासाठी खाडी ओलांडून आगरदांड्यास जावे लागे, नाही तर म्हसळ्याकडून लांबचा वळसा पडे. पुढे वाहने नेणारी फेरीबोट सुरू होऊन ही अडचण कमी झाली. जिल्ह्यात दंत महाविद्यालये निघाली ती कामोठे व खारघर येथे, म्हणजे मुंबईला लागून असलेल्या पनवेल तालुक्यात; दिघी जिल्ह्याच्या दक्षिण भागात आहे. दर खेपेस एक दिवसाची मजुरी किंवा मासेमारी बुडते. दुखणारा दात काढून टाकून खिंड तशीच ठेवणे, हा अशा ठिकाणचा निर्णय केवळ अज्ञानातून होत नाही. त्यामागे हिशेबही असतो.

अलीकडील विकास : निरोगी दात वाचविण्याच्या दिशेने पहिले महत्त्वाचे पाऊल मायकेल ब्वोनोकोर याने १९५५ मध्ये टाकले. दंतवल्कावर (एनॅमलवर) सौम्य काळ फॉस्फोरिक अम्ल लावल्यास त्यावर सूक्ष्म खाचा पडतात व रेझीन त्यांत घट्ट धरते, असे त्याने दाखविले. त्यावरून १९७३ मध्ये आलँ रोशेत याने धातूचे पातळ पंख दातांच्या मागील बाजूस चिकटविण्याची पद्धत मांडली. १९८० नंतर अमेरिकेतील मेरिलंड विद्यापीठात तिच्यात सुधारणा झाली व त्या रचनेला ‘मेरिलंड सेतू’ हे नाव मिळाले. यात आधारदात जवळजवळ कापावे लागत नाहीत. ही रचना पुढच्या दातांसाठी विशेष योग्य असून तिचा मुख्य दोष निसटणे हा आहे. पण ती निसटली तरी दात शाबूत राहतो व ती पुन्हा चिकटविता येते. कापलेला दात मात्र पुन्हा वाढत नाही.

दुसरे पाऊल स्वीडनमध्ये पडले. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क याला १९५० नंतरच्या दशकात हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत असताना टिटॅनियम धातू जिवंत हाडाशी एकजीव होतो, असे आढळले. १९६५ मध्ये त्याने माणसाच्या जबड्यात टिटॅनियमची मुळे रोवून त्यांवर दात बसविले. १९८२ मध्ये टोराँटो येथील परिषदेनंतर ही पद्धत जगभर स्वीकारली गेली. दंतरोपणात (इंप्लांटमध्ये) शेजारच्या दाताला हात लावावा लागत नाही. परंतु त्यासाठी पुरेसे हाड, शस्त्रक्रिया, काही महिन्यांचा अवधी व बराच खर्च लागतो. अनियंत्रित मधुमेह व तंबाखूचे व्यसन यांमुळे अपयशाचा धोका वाढतो. संगणकाच्या साह्याने तोंडाचे माप घेऊन झिर्कोनियासारख्या कठीण मृत्तिकेतून टोपणे कोरण्याच्या पद्धतीने खेपांची संख्या कमी होऊ शकते.

त्यामुळे दंतसेतू कालबाह्य झालेला नाही. शेजारच्या दातांना आधीच मोठी कीड लागून टोपणांची गरज असेल, किंवा हाड अपुरे असेल, तर तो उत्तम उपाय ठरतो. नीट निगा राखल्यास तो दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक टिकतो. सेतुदाताखालची जागा रोज खास दोऱ्याने किंवा बारीक ब्रशाने स्वच्छ ठेवणे आणि टोपणांच्या कडांची वेळोवेळी तपासणी करून घेणे आवश्यक असते, कारण कीड बहुधा तेथूनच आत शिरते. एकच दात गेला असून दोन्ही बाजूंचे दात निरोगी असतील, तेव्हा ते कापण्यापूर्वी चिकटविण्याचा सेतू, दंतरोपण, काढघाल करता येणारी कवळी आणि प्रसंगी खिंड तशीच ठेवणे हे सर्व पर्याय रुग्णापुढे मांडणे, हे दंतवैद्याचे कर्तव्य मानले जाते. जेथे खेपा व खर्च यांमुळे यांपैकी बहुतेक पर्याय कागदावरच राहतात, तेथे सहाव्या वर्षाची दाढ वेळीच भरून वाचविणे हाच सर्वांत स्वस्त उपाय होय.